दोरवाल्या बाबांच्या उरुसात आमच्या घराण्याचा मान

धुळे

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी नानांचा फोन आला. नाना म्हणजे माझे सख्खे काका. सातपुड्याच्या पायथ्याशी खैरकुंड नावाचं आमचं मूळ गाव आहे, तिथं ते एकटे राहतात. काकू वारल्या, मूलबाळ नाही. एरवी फोनवर आधी उन्हातान्हाची चौकशी करतात, या वेळी सरळ म्हणाले, "मन्हा पाय मोडना. गुरुवारले बाबाना उरूस शे. औंदा मान तू ले."

मी लगेच हो म्हणालो. खरं सांगायचं तर छाती थोडी फुगलीच. आमच्या घराण्यात पदवी घेणारा पहिला मी. वडील अमळनेरला तेलाच्या कारखान्यात आयुष्यभर पोती वाहत होते, आणि त्यांनी मला बी.ए., मग एम.ए. केलं. आता मी जळगावला ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, पिंप्राळ्यात दोन खोल्यांचं का होईना, स्वतःचं घर आहे. हे मी लोकांना सांगतो, सांगायला लाजत नाही. त्यात आता मानाची भर. वडील जिवंत असताना म्हणायचे, "खैरकुंडच्या दर्ग्यावर आपल्या घराचा मान आहे." कसला मान, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. दिवाळीला ते आम्हाला गावी न्यायचे, पण उरुसाला कधीच नाही. कारखान्यातून सुटी मिळत नसेल, असं मी धरून चाललो होतो.

बायको आखाजीला माहेरी, धुळ्याला गेली होती. तिला घ्यायला गेलो तेव्हा मानाची गोष्ट मी सासऱ्यांपुढे जरा रंगवूनच सांगितली. सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, एका सरकारी ऑफिसच्या स्टोअरमधून रिटायर झालेले. बोलणं मोजकं. त्यांनी उठून कपाटातून कोरा पांढरा सदरा काढला, स्वतः इस्त्री केला आणि माझ्या हातात दिला. "मानाला हा घाला. अन् फोटो काढून आणा. आमच्या घरात असं काही कुणाला मिळालेलं नाही."

वैशाली, म्हणजे माझी बायको, दारात उभी राहून हसत होती. "पण मान कसला असतो ते विचारलं का तुम्ही?"

"मानाला काय विचारायचं?"

"नारळ असतो, फेटा असतो, पहिली चादर असते. काहीतरी असेल ना."

"असेल त्यातलंच."

"नाही विचारलं," ती आईकडे बघून म्हणाली. "हे असेच आहेत. लग्नाच्या वेळी आमचं घरसुद्धा न विचारता शोधत होते, दोन गल्ल्या पुढे गेले होते."

चोपडा

धुळ्याहून अमळनेर आणि अमळनेरहून चोपडा, दोन्हीकडे एसटी. प्रवासाचं वर्णन करण्यासारखं काही नाही. पत्रा तापला होता आणि खिडकीतून आत येणारी हवा चुलीसमोरच्या हवेसारखी होती. तापी ओलांडली की मात्र डोळे निवतात. दोन्ही बाजूला केळी. ज्यांनी आमचा भाग बघितला नाही त्यांना वाटतं खान्देश म्हणजे रखरखाट. त्यांनी मे महिन्यात चोपड्याच्या रस्त्यावर यावं, उन्हात अंग भाजत असताना हिरवं काय असतं ते कळेल.

चोपड्याला स्टँडजवळ एका खानावळीत जेवायला बसलो. शेवभाजी इतकी जाळ की वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं वाटी परत मागितली. मालक गल्ल्यावरून विचारत होता, कुठले, कुठं चालले. मी खैरकुंड म्हणालो, उरुसाला म्हणालो, आणि न विचारता हेही सांगितलं की मान आमच्या घराचा आहे.

तो गल्ल्यावरून उठून आमच्या टेबलाशी आला. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"नानांच्या घरातले का तुम्ही?"

"पुतण्या."

"या वर्षी तुम्ही उभे राहणार?"

मला तो शब्द जरा विचित्र वाटला, पण मी मान हलवली. त्यानं थंड पाण्याचा जग आणून माझ्यापुढे ठेवला. "मग पिऊन घ्या भाऊ, पोटभर. उद्या दुपारी मिळायचं नाही." आणि हात जोडून गेला. मी वैशालीकडे बघितलं. बघ म्हटलं, इतक्या लांब लोकांना माहीत आहे. ती त्या पाण्याकडे बघत होती.

खैरकुंड

नाना ओट्यावर खाटेवर होते. उजवा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये, शेजारी वॉकर. गोठ्यात घसरले होते. मला बघून त्यांचे डोळे भरले, ते त्यांनी टोपीनं पुसले आणि लगेच वैशालीला म्हणाले, "पोरी, घरमा चहा साखर बठ्ठं शे. तूच कर, हाऊ काय करी मास्तर."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी एकटाच दर्गा बघायला गेलो. खिशात पेन होतं. कॉलेजच्या वार्षिकात दर्ग्याच्या इतिहासावर काहीतरी लिहावं असं मनात होतं.

गावाबाहेर, टेकडी सुरू होते तिथं तो आहे. घुमट नाही, मिनार नाही. चुन्यानं सारवलेला बुटका ओटा, त्यावर कबर, हिरवी चादर, एका बाजूला उदाचं भांडं. आणि कबरीवर सावली धरून भला मोठा निंब. मी दर्गे पुष्कळ बघितलेत, बुऱ्हाणपूरलाही जाऊन आलोय, पण असं झाड कुठं बघितलं नाही. खोडापासून फांद्यांपर्यंत ते दोरांनी वेढलेलं होतं. काथ्याचे दोर, सुती दोर, निळा नायलॉन, बैलाचं दावं, विहिरीचा सोल, एका ठिकाणी तर मोबाइलच्या चार्जरची वायर. काही दोर इतके जुने होते की झाडाची साल त्यांच्यावरून वाढून आली होती. टोकं तेवढी बाहेर लोंबत होती.

रमजान चाचा कबरीभोवती पाणी मारत होते. ते तिथले मुजावर, दर्ग्याची देखभाल करणारे; तडवी, पिढ्यान् पिढ्या याच गावातले. मी कोण ते त्यांनी विचारलं नाही, चेहऱ्यावरून ओळखलं. "नानांसारखंच नाक शे," म्हणाले. मी ओट्याच्या कडेला बसलो आणि म्हणालो, चाचा, बाबांचा इतिहास सांगा. ते त्यांच्या बोलीत बोलले, मी माझ्या भाषेत लिहितो.

बाबा बुऱ्हाणपूरकडून पायी आले. तिथल्या कुठल्याशा पीरांचे शागीर्द. झोळी, काठी आणि खांद्यावर एक दोर, वाटेतल्या विहिरींतून पाणी काढण्यासाठी. ते वर्ष दुष्काळाचं होतं. आदल्या रात्री गावच्या पाटलाची बैलजोडी गोठ्यातून गेली होती. सकाळी अनोळखी माणूस दिसला, त्याच्या खांद्यावर दोर. एवढं पुरलं. पाटलानं त्याला त्याच्याच दोरानं या निंबाला बांधलं आणि बैल कुठं आहेत ते सांगेपर्यंत पाणी द्यायचं नाही असं गावाला बजावलं. बाबा सांगत राहिले, मी तुमचे बैल बघितलेही नाहीत. वैशाखाचं ऊन. दुपार कलली तेव्हा ते गेले. आणि दिवेलागणीला बैल जंगलातून चरून आपल्या पायांनी घरी आले.

मी म्हणालो, "बाबांचं खरं नाव काय?"

चाचांनी हातातली बादली खाली ठेवली. "नाव विचारतं कोन? नाव विचारलं असतं तर बांधलं कसाले असतं."

"पण उरूस हिजरी तारखेला का नाही? तो दर वर्षी सरकायला हवा."

"तारीख कोनी लिखी ठेवली व्हती? ऊन तेवढं बठ्ठासना ध्यानमा राह्यनं. म्हनून आखाजीनंतरचा गुरुवार. ते सरकत नाही."

झाडावरच्या दोरांबद्दल विचारलं. ज्याच्यावर खोटा आळ आला तो इथं येऊन दोर बांधतो. चोरीचा असो, बाहेरख्यालीचा असो, करणीचा असो. आळ फिटला की येऊन सोडतो. लोक धुळ्याहून येतात, पार नंदुरबारहून, शहाद्याहून येतात, त्यात हिंदू येतात, मुसलमान येतात, भिल्ल, पावरे येतात. मूल व्हावं म्हणून इथं कुणी नवस करत नाही, नोकरीसाठी करत नाही. इथं फक्त हे एकच चालतं. मी सालीत गेलेल्या दोरांकडे बोट दाखवलं.

"ज्यांचा आळ फिटलाच नाही त्यांचे. मानसं गेली. दोर झाडानी लिना."

मी भारावून गेलो होतो. मनातल्या मनात लेखाचं पहिलं वाक्य जुळवत होतो. सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि तो पाटील? त्याचं पुढं काय झालं?"

चाचा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग कळलं की नाही, मला खरंच माहीत नाही. ते उठून माझ्याजवळ आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पोरा, तो तुमच्याच घरचा. मान त्याचाच शे ना."

मी ओट्यावरून उठलो आणि परत बसलो. चाचा उद्याचं सांगत होते, कुठं उभं राहायचं, काय म्हणायचं, पण मला त्यातलं अर्धंच ऐकू आलं. आमचा मान म्हणजे फेटा नव्हता, नारळ नव्हता. उरुसाच्या दुपारी आमच्या घरातल्या एका पुरुषानं त्याच निंबाला टेकून, हाताला दोर गुंडाळून, उघड्या डोक्यानं उभं राहायचं. गावातल्या बाया येऊन त्याला वाटेल तसं बोलणार. मग खोटा आळ आलेली माणसं येणार आणि आपल्या मनातलं सगळं त्याच्या तोंडावर बोलणार. त्यानं उत्तर द्यायचं नाही. फक्त म्हणायचं, मी चुकनू. आणि प्रत्येकाला आपल्या हातानं पाणी द्यायचं. शेवटच्या माणसानं त्याच्या हातचं पाणी पिईपर्यंत, लेकरं, म्हातारे आणि आजारी सोडले तर गावात कुणी थेंब तोंडात घालत नाही, आणि संदल, म्हणजे चंदनाची मिरवणूक, उठत नाही.

घरी आलो तेव्हा नाना जेवत होते. शेजारणीनं दाळ-बट्टी पाठवली होती. मी दारातूनच विचारलं, "हे खरं आहे का?"

नानांचा घास हातात राहिला. "बापनी तुले सांगेल नही का?"

"नाही."

त्यांनी घास ताटात परत ठेवला. "तो याकरताच गाव सोडी गया. एकच वरीस उभा राह्यना. दुसरे वरीस म्हने, मन्हा पोऱ्याले हाई नको."

वैशाली दिव्याखाली उभी होती. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, याचाच मला जास्त धक्का बसला. वडिलांना मी कारखान्याच्या सुटीचं कारण चिकटवून ठेवलं होतं. मला शिकवण्यासाठी ते शहरात गेले असं मी इतकी वर्षं लोकांना सांगत होतो.

"आणि मी नाही उभा राहिलो तर?" मी विचारलं.

"तर काय. कोनी मारत नही," नाना म्हणाले. "उभा राह्यना तर आपुन मानकरी. नही राह्यना तर आपुन फक्त बांधनारा. जलमभर." मग वॉकरकडे बघून म्हणाले, "तुले जमत नही तर मी उभा राहस."

डॉक्टरांनी त्यांना पाय खाली टेकवायला मनाई केली होती. मी म्हणालो, झोपा नाना, मीच राहीन. पण ते मी रागानं म्हणालो होतो.

निंबाखाली

गुरुवारी मी अण्णांनी दिलेला इस्त्रीचा सदरा घातला. दुसरा बरा कपडाच आणला नव्हता. ही पहिली चूक.

ऊन डोक्यावर आलं तसं गावातले माठ पालथे घातले गेले. मी हे डोळ्यांनी बघितलं. दारोदार ओट्यावर पालथे माठ. नळाच्या तोट्यांना फडकी बांधली. आमच्या कॉलनीत पाणी एक दिवस उशिरा आलं तर माणसं एकमेकांच्या अंगावर जातात, आणि इथं गाव आपण होऊन तहानेला बसलं होतं. उरुसाची दुकानं लागली होती, खेळणी, रेवड्या, बांगड्या, पण रसवंतीचं चाक उभं होतं.

चाचांनी माझी टोपी काढली, चपला काढायला लावल्या. दोराचे सैल वेढे खोडाभोवती आणि माझ्या मनगटांभोवती घातले. ते बांधलेले नव्हते, हात झटकला असता तर निघाले असते. पण काथ्या मनगटाला लागला आणि मी नकळत मुठी आवळल्या. पुढं मातीचा माठ आणि तांब्या. समोर आंब्याखाली लोकांनी नानांची खाट आणून ठेवली होती. वैशाली त्यांच्या डोक्याशी उभी होती. अण्णांना फोटो द्यायचा म्हणून मोबाइल तिच्या हातात होता, तो चालू करावा की नाही हे तिला कळत नव्हतं. नाना म्हणाले, "काढ, काढ. चोरी शे का काही?"

आधी बाया आल्या. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी सगळ्यांत पुढे. आमच्याकडे आखाजीला बायांना बोलण्याची मोकळीक असते हे मला माहीत होतं, झोक्यावरची गाणी मी ऐकली आहेत. पण ती माझ्यावर कधी आली नव्हती.

"आरे हाऊ तर नवरदेव बनी उना. मांडव कोठे शे, नवरदेव?"

"पांढरा सदरा देखा. मन धोवाले साबन नही भेटना का रे?"

"कॉलेजमा शिकाडस म्हने. काय शिकाडस, गाठ मारानी कशी?"

"बैल सापडनात का तुन्हा? गोठामा देख, बाप, तठेच असतीन."

सगळे हसत होते. लिहिता येणार नाहीत अशाही पुष्कळ गोष्टी त्या बोलल्या, माझ्या नाकाबद्दल, पोटाबद्दल. एका म्हातारीनं माझ्या पायाशी मूठभर धूळ टाकली आणि माझ्या गालावरून हात फिरवून गेली. मी प्रत्येकीला म्हणत होतो, मी चुकनू. घाम डोळ्यांत जात होता आणि जीभ टाळ्याला चिकटत होती. मनात म्हणत होतो, नाटक आहे, अर्धा तास काढायचा, संपेल.

मग आळाची माणसं आली. फार नव्हती. एका पावऱ्या म्हाताऱ्यावर लाकूडचोरीची केस होती. तो काही बोललाच नाही, नुसता समोर उभा राहिला, मी चुकनू म्हणालो, पाणी दिलं, तो प्यायला आणि गेला. एका मास्तरीणबाईवर गावानं नको ते नाव ठेवलं होतं. ती हळू आवाजात बोलली, मला नीट ऐकूही आलं नाही. तिनंही पाणी घेतलं.

शेवटी लीलाबाई आल्या. धुळ्याच्या बाजूच्या. पन्नाशीच्या असतील, डोक्यावरून पदर, हातात नवा कोरा दोर. त्या माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबल्या.

"माझं नाव का घेतलंस तू?"

मी म्हणालो, "मी चुकनू."

"तुझ्या घरात किती वर्षं पोळ्या केल्या मी? तुझ्या पोरीचं बाळंतपण कुणी केलं? साखळी दिसत नाही म्हणाली तुझी बायको, अन् तू सगळ्यात आधी माझ्याकडे बघितलंस. घरात इतकी माणसं होती. माझ्याकडेच का बघितलंस?"

"मी चुकनू."

"दिवसभर पोलीस चौकीत बसवलं मला. माझ्या सुनेला फोन केलास. मग साखळी निघाली तुझ्या वॉशिंगच्या मशीनमधून, मिस्त्रीनं काढून दिली. अन् तू मला काय निरोप दिलास? उद्यापासून या म्हणून. जसं मी सुटीवर गेले होते. ते म्हणू नको पाठ केलेलं. मला उत्तर दे. माझ्याकडेच का बघितलंस?"

मी वर्गात उभा राहणारा माणूस. समोरून प्रश्न आला की उत्तर द्यायचं हीच माझी सवय. त्यात तहान, त्यात तो सदरा, त्यात कालपासून मनात दाबलेला राग. आजूबाजूला इतकी माणसं मला बघत होती आणि त्या बाईच्या डोळ्यांत मी खरोखरच तो माणूस झालो होतो. तोंडातून निघून गेलं, "बाई, ती साखळी मी पाहिलीसुद्धा नाही."

सगळं थांबलं. ढोलावरचा हात थांबला. पुढच्या रांगेतल्या लेकींपैकी कुणीतरी तोंडावर पदर घेतला. चाचांनी डोळे मिटले. मानकऱ्यानं उत्तर द्यायचं नाही, हे त्यांनी मला आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं. मी पुढं केलेला तांब्या लीलाबाईंनी तसाच भरलेला माठावर ठेवून दिला.

आंब्याखालून वॉकर जमिनीला टेकण्याचा आवाज आला. नाना उठले होते. वैशाली त्यांना धरत होती, ते तिला झिडकारत होते, आणि प्लास्टरचा पाय ओढत उन्हात येत होते. त्यांनीही सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं, आजारी असूनही. जवळ येऊन त्यांनी हात पुढे केला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"दोर मन्हा हातमा दे."

मी दोर सोडायला लागलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"आबा, तुम्ही बसा," लीलाबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः नानांचा दंड धरून त्यांना ओट्यावर टेकवलं. मग परत माझ्यासमोर आल्या. आवाज आता अगदी साधा होता. "काय म्हणालास तू? परत म्हण."

मी चाचांकडे बघितलं.

"म्हण ना. मी काही करत नाही तुला."

"मी ती साखळी पाहिली नाही," मी म्हणालो.

"मी तरी कुठं पाहिली होती?"

लीलाबाई माझ्याकडे बघत होत्या. "मी हेच म्हणत होते. अशीच उभी होते, तुझ्यासारखाच घाम फुटला होता. मी पाहिली नाही, मी पाहिली नाही. जितकं म्हणत होते तितकी चोर दिसत होते. आता समजलं का तुला कसं वाटतं ते?"

मला समजलं होतं. मला आधी फक्त माझा अपमान दिसत होता. मी न केलेल्या गोष्टीसाठी मला बोलतायत, याचा मला राग होता. आणि आमच्या घरातला माणूस पिढ्यान् पिढ्या इथं नेमका त्याचसाठी उभा केला जात होता. हे ज्यानं ठरवलं तो कोण असेल देव जाणे. बाबांचं नाव कुणी विचारलं नाही, तसं त्याचंही नाव कुणाला माहीत नाही.

"चुकलं," मी म्हणालो. शिकवलेलं वाक्य नव्हतं ते, माझ्या रोजच्या भाषेतलं होतं. "बाई, चुकलं."

मनगटाला दोर तसाच होता. मी तांब्या उचलला. थोडं पाणी त्यांच्या पदरावर सांडलं. त्यांनी ओंजळ केली, आणि प्यायल्या. सगळा तांब्या प्यायल्या. मग पदरानं तोंड पुसून मागं वळून गावाला म्हणाल्या, "प्या रे बाबांनो."

त्यानंतर जे झालं ते मी कधी विसरणार नाही. सगळ्या गावात एकदम पाण्याचा आवाज झाला. माठ, कळश्या, बाटल्या, रसवंतीचं चाक. लोक एकमेकांना आधी देत होते, मग स्वतः पीत होते. नानांना चाचांनी पाजलं. मला लीलाबाईंनी. ढोल वाजला, चंदनाचं ताट डोक्यावर घेऊन संदल निघाला, आणि ज्या बायांनी मला मघाशी सोलून काढलं होतं त्याच मला हाताला धरून मिरवणुकीत पुढे घेऊन गेल्या. एकीनं तोंडात मलिद्याचा लाडू कोंबला. गूळ आणि तूप, आणि थोडी माती. इतकं गोड मी काही खाल्लेलं नाही.

लीलाबाईंनी आपला दोर झाडाला बांधला नाही. सोबत घेऊन गेल्या. दुसऱ्या कामाला येईल म्हणाल्या.

परत

जाताना नाना एवढंच म्हणाले, "इतला वरीस उभा राह्यनू, माले कोनी 'परत म्हन' आसं नही म्हनं." रागावलेत की काय ते कळलं नाही. मग म्हणाले, "पुढला वरीस साधा सदरा घाल."

धुळ्याला अण्णा वाटच बघत होते. "मानाचा फोटो?"

वैशालीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, दाखव. तिनं फोटो काढलाच नव्हता, सगळा व्हिडिओ होता, पहिल्या शिवीपासून. मला वाटलं अण्णा मध्येच बंद करतील. त्यांनी शेवटपर्यंत बघितला. लीलाबाई आल्या तिथं परत मागे नेऊन पुन्हा बघितला. चष्मा काढला, पुसला, आणि बराच वेळ घातला नाही.

"पुढच्या आखाजीला मला न्याल का?" त्यांनी विचारलं.

"न्यायला काय, चला की. पण ऊन फार असतं."

"असू द्या. मला आळाच्या रांगेत उभं राहायचंय."

सासूबाई आतून आल्या होत्या त्या दारातच थांबल्या. अण्णांनी स्टोअरमधून मुदतीआधीच रिटायरमेंट का घेतली होती, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. वैशालीलाही नाही. तिनं वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आता कॉलेजात, कॉलनीत लोक विचारतात, दर्ग्यावर तुमचा मान असतो म्हणे, कसला? मी सांगतो, शिव्या खाण्याचा. विचारणारे हसतात, मीही हसतो, पण सांगतो अभिमानानं. एम.ए.चं सांगतो तसंच.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी लिहितो. चोपड्याहून गाडी मिळते, शेवटचा टप्पा जीप. आखाजीनंतरचा गुरुवार. सकाळी पोटभर पाणी पिऊन या. नारळ, चादर काही आणू नका. तुमच्यावर खोटा आळ आला असेल आणि ज्यानं घेतला त्यानं तुमच्याकडे वळून कधी बघितलं नसेल, तर जे बोलायचं राहून गेलं ते घेऊन या, आणि आवाज चढवायला लाजू नका. मी निंबाखाली उभा असेन. साध्या सदऱ्यात. उत्तर देणार नाही. पाणी माझ्याकडे आहे.